नजरेत मावेल एवढंच शिबिर
मुलांचं योग-संस्कार शिबिर घेणाऱ्या शिक्षकांसाठी

मार्च संपत आला की माझा फोन वाजू लागतो. पलीकडे कधी शाळेतल्या बाई असतात, कधी नुकताच योगशिक्षक झालेला एखादा तरुण, कधी सोसायटीत वर्ग चालवणारी गृहिणी. प्रश्न दरवर्षी तेच. "ताई, किती मुलं घेऊ?" "प्रमाणपत्र नसलं तर चालतं का?" "पालक म्हणतात शीर्षासन शिकवा, शिकवू का?" "एखादं मूल पडलं तर माझ्यावर येईल का?" फोनवर उत्तर देताना काही ना काही राहूनच जातं. म्हणून यंदा सगळं एकत्र लिहिते आहे.

सुरुवातीला एक माप हाताशी ठेवा. पुढचे बहुतेक निर्णय त्यानंच सुटतील: जेवढं तुमच्या नजरेत मावतं, तेवढंच घ्या. मुलांची संख्या असो, आसनं असोत, खेळ असोत की सहल. ते करताना एखादं मूल नजरेआड होणार असेल, तर ती गोष्ट कितीही चांगली वाटली तरी या शिबिरात नको.

१. 'हो' म्हणण्याआधी: किती मुलं, कोणत्या वयाची

"साठ नावं आली आहेत, एकट्यानं जमेल ना?" असं आयोजक सहज विचारतात. जमणार नाही, हे तेव्हाच सांगा. साठ मुलांसमोर माइक घेऊन कवायत घेता येते. कोणाचा श्वास अडकतोय, कोणाची मान वाकडी पडतेय, हे पाहता येत नाही. अनुभवातून मी पाळते ते प्रमाण असं:

- ५ ते ७ वर्षं: ८ मुलांमागे एक मोठं माणूस
- ८ ते ११ वर्षं: १२ मुलांमागे एक
- १२ ते १५ वर्षं: १५ मुलांमागे एक
- मुलं दहाच असली तरी किमान दोन मोठी माणसं
- गटात मुली असतील तर पूर्ण वेळ किमान एक महिला

दोन माणसं का? एका मुलाला उलटी झाली आणि तुम्ही त्याला घेऊन बाहेर गेलात, तर उरलेली नऊ मुलं कोणाच्या भरवशावर? कॉलेजमधले ताई-दादा मदतीला जरूर घ्या. पण जे अठरा वर्षांखालचे आहेत त्यांना 'मोठं माणूस' म्हणून मोजू नका. त्यांची जबाबदारीही तुमच्यावरच असते.

पाच वर्षांचं मूल आणि चौदा वर्षांचा मुलगा एकाच रांगेत बसवू नका. दोघांनाही कंटाळा येतो. मुलं कमी असली तरी दोन तुकड्या करा आणि त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवा.

२. आयोजकांकडून लिहून घ्या

ओळखीचीच माणसं आहेत म्हणून बरेच शिक्षक तोंडी ठरवतात आणि शेवटी मन खट्टू होतं. करार स्टँपपेपरवरच हवा असं नाही. ठरलेल्या गोष्टींचा एक व्हॉट्सॲप संदेश किंवा ईमेल पाठवा आणि त्यावर 'मान्य' असं उत्तर घ्या. त्यात एवढं असावं:

- तारखा, रोजची वेळ, मुलांची कमाल संख्या
- मानधन किती, कोणत्या दिवशी मिळणार. शिबिर आयत्या वेळी रद्द झालं तर काय
- फी कोण घेणार, पावती कोण देणार, मूल मध्येच सोडून गेलं तर फी परत देण्याचा नियम काय
- खाऊ, पाणी, साहित्य, प्रथमोपचार पेटी यांचा खर्च कोणाचा
- तातडीला गाडी कोणाची, जवळचं रुग्णालय कोणतं
- स्वयंसेवकांची नावं, पत्ते आणि ओळखपत्रांच्या प्रती कोणाकडे राहणार

तुमचे हक्कही लक्षात ठेवा. ठरल्यापेक्षा जास्त मुलं आली तर नवा प्रवेश थांबवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. असुरक्षित वाटणारा कार्यक्रम नाकारता येतो, मग तो अध्यक्षांच्या आवडीचा का असेना. शिक्षिकांसाठी आणखी एक: कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा मानधनावर किंवा विनामोबदला काम करणाऱ्या महिलांनाही लागू होतो. संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर तिथे अंतर्गत समिती असायला हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते.

३. प्रमाणपत्राचं काय?

योग शिकवायला डॉक्टर किंवा वकिलासारखी सक्तीची सरकारी नोंदणी लागत नाही. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतलं योग प्रमाणन मंडळ वेगवेगळ्या पातळ्यांच्या परीक्षा घेतं. त्यातलं प्रमाणपत्र असेल तर शाळा-संस्थांचा विश्वास लवकर बसतो, आणि काही संस्था ते मागतातही. तुमच्याकडे नसेल तर नसल्याचं स्पष्ट सांगा. नावापुढे खोटी पदवी लावू नका.

महाराष्ट्रात शिकण्याच्या जागांना तोटा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात सुरू केलेलं कैवल्यधाम आहे, पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची १९७५ पासूनची संस्था आहे. पण मोठ्यांचा वर्ग घेता येणं वेगळं आणि मुलांचा वेगळा. शिबिराआधी एखाद्या अनुभवी शिक्षकांच्या मुलांच्या वर्गात चार-पाच दिवस मागे बसून पाहा. मुलं कधी चुळबुळ करू लागतात आणि ते शिक्षक तेव्हा काय करतात, एवढं टिपलंत तरी पुरे.

जाहिरातीत 'उंची वाढते', 'चष्मा जातो', 'स्मरणशक्ती दुप्पट होते' असलं काही छापू देऊ नका. दहा दिवसांत मूल सरळ बसायला, शांतपणे श्वास घ्यायला आणि चार नवे मित्र करायला शिकतं. हे पुष्कळ आहे आणि खरं आहे.

४. प्रवेश-अर्ज: प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरतं

माझ्या सुरुवातीच्या एका शिबिरातली गोष्ट. तिसऱ्या दिवशी सूर्यनमस्कारांनंतर नऊ वर्षांची एक मुलगी सतरंजीवर एकदम बसली. कपाळावर घाम, चेहरा पांढरा, हात थरथरत होते. उपाशी आली असेल असं समजून मी पाणी आणायला वळले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून तिची मोठी बहीण धावत आली, तिच्या पिशवीतून साखरेची पुडी काढली आणि म्हणाली, "ताई, तिला डायबेटिस आहे. सकाळी इन्सुलिन घेते ती." आमच्या अर्जावर 'काही आजार आहे का?' असा प्रश्न होता. समोर लिहिलं होतं, 'नाही'. आई नंतर रडत म्हणाली, "हो लिहिलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं."

चूक आमच्या प्रश्नाची होती. तेव्हापासून अर्जाच्या वरच मी लिहिते: 'ही माहिती प्रवेश नाकारण्यासाठी नाही, तुमच्या मुलाला नीट सांभाळता यावं म्हणून हवी आहे.' आणि नावं घेऊन विचारते:

- दमा, फिट, मधुमेह, हृदयाचा त्रास, सिकलसेल यांपैकी काही?
- गेल्या सहा महिन्यांत हाड मोडलं आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का?
- रोजची औषधं कोणती? शिबिराच्या वेळात एखादं द्यायचं आहे का?
- कशाची ॲलर्जी? शेंगदाणे, दूध, मधमाशीचा दंश?
- मुलाला कशाची भीती वाटते? अंधार, मोठा आवाज, गर्दी?
- ऐकणं, पाहणं, बोलणं, लक्ष देणं यांत काही वेगळी मदत लागते का?
- तातडीला फोन करायचे दोन क्रमांक, आणि मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावं

उत्तरांवरून काय करायचं?

- दमा: इन्हेलर रोज मुलाबरोबर हवा आणि तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत हवं. धूप-उदबत्ती लावू नका.
- फिट: जलद श्वसनाचे प्रकार पूर्ण वर्ज्य. झाडावर चढणं, उंचावर तोल सांभाळणं नको.
- मधुमेह: खाल्ल्याची आणि इन्सुलिनची वेळ पालकांकडून रोज विचारा. साखर खिशातच ठेवा.
- सिकलसेल: विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत ही मुलं तुमच्याकडे येणारच. त्यांना वारंवार पाणी द्या, दमवू नका, स्पर्धेत ओढू नका. सांधे किंवा पोट दुखतंय म्हणाली तर 'नाटक करतोय' असं कधीही समजू नका.

शंका आली तर त्या मुलाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागा.

पालकांची सही असलेलं संमतिपत्र घ्याच. पण 'काही झाल्यास शिक्षक जबाबदार नाहीत' या ओळीवर विसंबू नका. तुमच्या हातून निष्काळजीपणा झाला असेल तर तेवढी ओळ तुम्हाला वाचवत नाही. तुम्हाला वाचवतो तो नीट भरलेला अर्ज, रोजची हजेरी आणि वेळेवर केलेली मदत.

५. जागा, वेळ, पाणी, खाऊ

जागा मंगल कार्यालयाची असो, देवळाच्या सभामंडपाची असो की शाळेच्या वर्गाची, आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा. फरशीवर पाणी सांडलं तर घसरतं का? पंखे चालतात का? विजेचे बोर्ड किती खाली आहेत? स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, तिकडे जाणारा रस्ता तुमच्या नजरेत येतो का? गच्चीला उंच कठडा नसेल तर गच्ची नको. विहीर, टाकी, बांधकामाची वाळू-सळया असतील तर तिकडची वाट बंद करून घ्या.

एप्रिल-मेमध्ये वेळ सकाळचीच ठेवा: साडेसहा ते नऊ. विदर्भ-मराठवाड्यात आठनंतर अंगणातलं काहीच नको. दर अर्ध्या तासानं पाण्याची सुट्टी द्या आणि ती सगळ्यांनी मिळून घ्या. तहान लागली तरी लाजरं मूल मागत नाही.

'योग उपाशीपोटी' हा नियम मुलांना जसाच्या तसा लावू नका. पोटभर जेवणानंतर तीन तास थांबायचं हे खरं. पण रात्री आठला जेवलेलं मूल सकाळी सातला काही न खाता सूर्यनमस्कार घालू लागलं तर भोवळ येते. घरून निघताना अर्धं केळं किंवा अर्धा कप दूध घेऊन यायला सांगा. शिबिर संपताना राजगिऱ्याचा लाडू, मोड आलेल्या मुगाची उसळ, चुरमुरे, फुटाणे असं काही द्या. ॲलर्जीची यादी खाऊ वाटणाऱ्या ताईंच्या हातात असू द्या. शेंगदाण्याची चिक्की सगळ्यांना चालते असं धरून चालू नका.

६. काय शिकवायचं

५ ते ७ वर्षं. या वयात आसन म्हणजे गोष्ट. झाड झालो, बेडूक झालो, मांजर आळस देतेय, साप फणा काढतोय. वृक्षासन, मंडूकासन, मार्जारासन, भुजंगासन एवढ्यातच पंधरा मिनिटं निघून जातात. एका आसनात दोन-तीन श्वास, बस्स. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ घ्या: "शिवाजी म्हणतो ताडासन!" मुलं ऐकायला शिकतात आणि आसनांची नावंही पाठ होतात.

८ ते ११ वर्षं. सूर्यनमस्कार शिकवायला हे उत्तम वय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले, तेव्हापासून मराठी घरांत त्यांची आवड आहे. म्हणूनच एक धोका आहे: आकड्याचा. 'आमच्या मुलांनी १०८ घातले' हे ऐकायला छान वाटतं, पण विसाव्या नमस्कारानंतर कंबर कोसळते आणि मनगटं दुखतात. पहिले तीन दिवस एकेक स्थिती सावकाश शिकवा. दहाव्या दिवशी सहा सुबक नमस्कार घालता आले तर शिबिर यशस्वी. जोडीला त्रिकोणासन, नौकासन, अर्धशलभासन. श्वास न रोखता अनुलोम-विलोम आणि पाच वेळा भ्रामरी.

१२ ते १५ वर्षं. उंची झपाट्यानं वाढत असते, त्यामुळे मांड्यांच्या मागचे स्नायू ताठलेले असतात. पश्चिमोत्तानासनात पाठ दाबून कपाळ गुडघ्याला टेकवायला लावू नका. या वयात शरीराबद्दल संकोच फार असतो. वजन, उंची, रंग, आवाज यांवर एक शब्दही नको, थट्टेतही नको. पाळी चालू असेल तर काय करायचं ते मुलीनंच ठरवावं. 'आज मी बसते' एवढं म्हणणं पुरेसं, कारण विचारायचं नाही. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका: कोणालाही, कधीही, कारण न देता बसता येईल.

शिबिरात वगळा:

- शीर्षासन, सर्वांगासन, हलासन. यांत मानेवर भार येतो आणि एकेका मुलाजवळ उभं राहावं लागतं. तीस मुलांच्या वर्गात ते शक्य नाही.
- कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं
- जलनेती, वमन यांसारख्या शुद्धिक्रिया
- कोणी हातांनी ओढून करायला लावलेलं चक्रासन
- 'कोण जास्त वेळ थांबतं' अशा सगळ्या स्पर्धा

"टीव्हीवर दाखवतात, मग इथे का नाही?" असं पालक विचारतील. सांगा, "एकास एक शिकवणी असेल तर विचार करता येईल. इथे माझी नजर एका वेळी एकाच मानेवर राहू शकते."

शवासनाबद्दल थोडं थांबून सांगते. एक सात वर्षांचा मुलगा शवासनात डोळे मिटायचाच नाही. सगळे निजलेले, हा एकटा टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत राहायचा. दोन दिवस मी "डोळे मिट बाळा" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी शेजारी बसून विचारलं तर कानात पुटपुटला, "मिटले की तुम्ही सगळे जाल." मी म्हटलं, "उघडे ठेव. आणि माझी ओढणी धर." त्यानं ओढणीचं टोक मुठीत घेतलं, कुशीवर वळला आणि दोन मिनिटांत झोपला. तेव्हापासून शवासनाची सूचना मी अशी देते: "डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, पाठीवर झोपा किंवा कुशीवर. मी इथेच आहे."

रोजचा आराखडा (अडीच तास):

- ६.३० ते ६.४५: हजेरी, गप्पा, आज कोणाला बरं वाटत नाही याची विचारपूस
- ६.४५ ते ७.३०: अंग मोकळं करणं, आसनं, शेवटी शवासन
- ७.३० ते ७.४०: पाण्याची मोठी सुट्टी (छोट्या सुट्ट्या दर अर्ध्या तासानं आहेतच)
- ७.४० ते ८.१०: खेळ. लगोरी, लंगडी, विषामृत, सागरगोटे
- ८.१० ते ८.४५: गोष्ट, श्लोक-गाणी, हस्तकला, आलटूनपालटून
- ८.४५ ते ९.००: खाऊ, आवराआवर, घरी सोडणं

सतरंज्या घडी करणं, खरकटं उचलणं, पाण्याची बाटली भरून ठेवणं हे मुलांनाच करू द्या. मुलगे झाडू घेतील आणि मुली सतरंज्या वाहतील अशी पाळी लावा. संस्काराचा हा तास वेळापत्रकात दिसत नाही, पण टिकतो हाच.

७. संस्कार शिकवताना

तुमच्याकडे वेगवेगळ्या धर्मांची आणि घरांची मुलं येणार. काय म्हणून घेणार आहात ते प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगा: मनाचे श्लोक, पसायदान, ओंकार, प्रार्थना, जे असेल ते. एखाद्या मुलाला म्हणायचं नसेल तर ते शांत बसेल. त्याला वेगळं उठवून बाहेर पाठवू नका. ओंकाराऐवजी भुंग्याचा गुंजारव केला तरी श्वास तितकाच लांबतो.

गोष्टीला तात्पर्य चिकटवण्याची घाई करू नका. गोष्ट सांगून झाली की "तुम्ही असता तर काय केलं असतं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. 'आईवडिलांचे पाय धुणं' असले भावनिक कार्यक्रम टाळा. काही मुलांना आई नसते, काहींचे वडील घर सोडून गेलेले असतात. त्या मुलाकडे सगळे पाहत असतात तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार आधी करा.

८. स्पर्श, शिस्त, फोटो

स्पर्श. आसन सुधारायचं असेल तर आधी शब्दांनी, मग स्वतः करून दाखवून. हात लावायचाच असेल तर "मी खांद्याला हात लावू का?" असं विचारा आणि मान हलेपर्यंत थांबा. 'नको' म्हटलं तर नको. कंबर, मांडी, छाती, पोट इथे हात नाही. एका मुलाबरोबर बंद दाराआड एक मोठं माणूस कधीही नाही. हा नियम सगळ्यांना, तुम्हालाही. बाथरूमला मुलं जोडीनं जातील आणि महिला स्वयंसेवक बाहेर थांबतील.

शिस्त. उठाबशा, कान पिळणं, उन्हात उभं करणं, खाऊ न देणं, नावं ठेवणं यांतलं काहीच चालणार नाही. ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्यांनी त्याला मारणं, छळणं किंवा जाणूनबुजून दुर्लक्षित ठेवणं हा बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार गुन्हा ठरू शकतो. दंगा करणाऱ्या मुलाला काम द्या: टाळ वाजवून वेळ सांगणं, हजेरी घेणं. तरीही दुसऱ्यांना मारत असेल तर बाजूला तुमच्याजवळ बसवा आणि त्याच दिवशी पालकांशी बोला, मुलासमोर तक्रारीचा पाढा न वाचता.

फोटो आणि फोन. फोटो काढण्याची आणि ते कुठे टाकणार याची लेखी परवानगी पालकांकडून घ्या. नाही म्हणणाऱ्यांच्या मुलांची यादी फोटो काढणाऱ्याला द्या. वाकलेल्या, झोपलेल्या स्थितीतले फोटो कोणाचेच नकोत. मुलांशी वैयक्तिक चॅट ठेवू नका. सूचना पालकांच्या गटावरच.

९. मूल काही सांगू लागलं तर

शिबिरात मुलं मोकळी होतात. एखादं मूल घरातल्या, शेजारच्या किंवा शिबिरातल्याच कोणाच्या वाईट स्पर्शाबद्दल सांगेल. त्या क्षणी:

1. शांतपणे ऐका. "बरं झालं सांगितलंस. यात तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा.
2. खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, त्या व्यक्तीला समोर बोलावू नका.
3. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. "तुला मदत करणाऱ्यांनाच सांगेन," असं म्हणा.
4. मुलानं वापरलेले शब्द, तारीख आणि वेळ लिहून ठेवा.
5. पोलिसांना कळवा; १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनचीही मदत घ्या.

पाचवी पायरी ऐच्छिक नाही. पोक्सो कायदा, २०१२ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे. 'संस्थेचं नाव खराब होईल', 'आपसात मिटवू' असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मुलाचं नाव, फोटो, पत्ता कुठेही बाहेर जाऊ देऊ नका. पोलिसांनी जबाब शक्यतो मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हेही पालकांना सांगा.

१०. अचानक काही घडलं तर

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा: रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, मुलांसाठी १०९८.

- घोळणा फुटला: मूल बसतं ठेवा, डोकं थोडं पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. डोकं मागे करू नका, रक्त घशात जातं.
- फिट आली: आजूबाजूच्या वस्तू हलवा, मुलाला कुशीवर वळवा, वेळ मोजा. तोंडात चमचा नको. कांदा, चप्पल हुंगवणं नको. दाबून धरणं नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.
- भोवळ: आडवं झोपवा, पाय थोडे उंच करा, भोवतीची गर्दी हटवा. मधुमेह असेल आणि मूल शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्या. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नका.
- ऊन लागलं: सावलीत न्या, अंग ओलं करा, पंखा लावा, थोडं थोडं क्षारयुक्त पाणी द्या. क्षारांची तयार पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल असंबद्ध बोलू लागलं किंवा ग्लानीत गेलं तर तोंडानं काही देऊ नका; अंग गार करत करत थेट रुग्णालयात न्या.
- हात-पाय सुजला: चोळू नका, ओढून 'बसवू' नका. आहे तसा आधार देऊन डॉक्टरांकडे न्या.

पालकांना स्वतः फोन करा. घडलं ते जसंच्या तसं सांगा आणि त्याच दिवशी वहीत नोंदवा. लपवलेली छोटी इजाच पुढे मोठा वाद होते.

११. घरी सोडताना

सर्वांत जास्त गडबड शेवटच्या पंधरा मिनिटांत होते. एका वर्षी एक काका पुतणीला घेऊन गेले आणि पाच मिनिटांनी आई न्यायला आली. काका खरेच होते, मुलगी सुखरूप होती. पण त्या माउलीचा तोपर्यंतचा चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून दारात एकच माणूस, हातात हजेरीपट. अर्जावर नाव असलेल्या व्यक्तीकडेच मूल द्यायचं आणि सही घ्यायची. दुसरं कोणी आलं तर आईवडिलांना फोन, मग ते सख्खे मामा का असेनात. शेवटचं मूल गेल्याशिवाय दोन्ही मोठी माणसं जागा सोडणार नाहीत.

१२. समारोपाचा दिवस

पाहुणे येतात, फोटो होतात, आणि कोणीतरी म्हणतं, "मुलांचा मनोरा करा ना!" नम्रपणे नाही म्हणा. 'सर्वोत्कृष्ट योगपटू' असं एकच बक्षीस देऊ नका. त्याऐवजी प्रत्येक मुलाबद्दल खरी असलेली एक ओळ वाचून दाखवा: 'रोज सगळ्यांच्या चपला ओळीत लावणारा', 'पहिल्या दिवशी रडली, चौथ्या दिवशी नव्या मुलीचा हात धरला'. मुलांना प्रमाणपत्रापेक्षा हे जास्त आठवतं.

अशा तीस ओळी लिहायला बसलात की एक गोष्ट तुमची तुम्हालाच कळेल. ज्या मुलाबद्दल एकही ओळ सुचत नाही, ते मूल दहा दिवस तुमच्यासमोर असूनही तुमच्या नजरेतून सुटलं. म्हणून या ओळी शेवटच्या रात्री लिहू नका, पाचव्या दिवशीच लिहायला घ्या. ज्यांच्या नावापुढची जागा कोरी राहील, त्यांच्या शेजारी सहाव्या दिवशी जाऊन बसा. अजून पाच सकाळ हातात असतात.